दिवा बदलायला कोण येणार?



या वेळचं संपादकीय एखाद्या कायद्यावर किंवा मोर्चावर नाही. ते छताच्या दिव्याबद्दल आहे. म्हणजे खरोखरच्या दिव्याबद्दल. अंधाराकडून प्रकाशाकडे वगैरे अर्थाने नव्हे. जळालेला होल्डर कसा काढायचा, त्या जागी नवा दिवा कसा बसवायचा आणि हे करताना जीव कसा सांभाळायचा, हे लिहायचं आहे. बैठकीत हा विषय मांडला तेव्हा दोघीतिघी हसल्या. "आता आपण फ्यूज घालायला शिकवायचं का?" असं एकीने विचारलं. हो, शिकवायचं.

मी सल्ला केंद्रात काम करते. एकट्या राहणाऱ्या बायकांच्या अडचणींची यादी करायला बसलं की पोटगी, रेशनकार्ड, जागेचं भाडं, मुलांची शाळा हे सगळं ओळीने येतं. दिव्याचं कुणी सांगत नाही. ते निघतं बोलणं संपवून उठताना, चप्पल घालता घालता. अशीच एक बाई, दोन मुलींना घेऊन चाळीतल्या एका खोलीत राहणारी. तिच्या खोलीतला दिवा दोन महिने बंद होता. बल्ब बदलून पाहिला होता, पण छताचा होल्डरच जळाला होता. ती मोबाइलच्या उजेडात भाकरी थापायची आणि मुली जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास करायच्या.

वायरमन का नाही बोलावला, असं मी विचारलं. तिचं उत्तर मी इथे थोडक्यात देते. पोटगीची केस चालू आहे. समोरचा वकील तिच्या चारित्र्यावर बोट ठेवायला टपलेला आहे. परका पुरुष अर्धा तास खोलीत थांबला की चाळीत त्याची गोष्ट होते. शेजारचा एक जण "मी करून देतो वहिनी" म्हणाला होता. त्यानेच पूर्वी एकदा फ्यूज घालून दिला होता, आणि पुढचे आठ दिवस रात्री नऊला "लाइट आहे ना?" म्हणून दार वाजवत होता. होल्डरची किंमत एका रिक्षाभाड्याएवढीसुद्धा नव्हती. पण तो बसवून घेण्याची किंमत तिला परवडणारी नव्हती.

ही बाई भित्री नाही. नवऱ्याचं घर सोडून दोन मुलींना वाढवणारी बाई भित्री कशी असेल? तिला कुणी ते काम दाखवलंच नव्हतं, एवढंच. मिक्सर, इस्त्री, गीझर, पाण्याची मोटर, धुण्याचं यंत्र, घरातली विजेची बहुतेक साधनं बाईच्या हाताखाली चालतात, तीही पुष्कळदा ओल्या हाताखाली. पण वीज घरात कुठून येते, मेन कुठे बंद होतो, कुठली तार कशासाठी, हे पुरुषांचं खातं. मुलगा दहा वर्षांचा झाला की बाप त्याला स्टुलापाशी उभं करून "टेस्टर दे" म्हणतो. मुलीला "लांब हो, शॉक बसेल" म्हणतो. शॉक तर दोघांनाही बसतो.

बायकांच्या डोक्यात हे शिरत नाही असं अजूनही ऐकू येतं, म्हणून ए. ललिता यांचं नाव इथे घेते. लहानपणी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात काही महिन्यांची मुलगी. अशा स्थितीत त्यांनी १९४० च्या दशकात मद्रासच्या गिंडी इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून विद्युत शाखेची पदवी घेतली आणि पुढे भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या जनित्रांशी संबंधित कामही केलं. आपल्याकडे महावितरणमध्ये खांबावर चढून काम करणाऱ्या महिला तंत्रज्ञ आहेत. मग घरातल्या होल्डरचे दोन स्क्रू काय घेऊन बसलात!

बैठकीत एक आक्षेप मात्र वजनदार होता. आधीच बाई राबते, त्यात वायरिंगची भर कशाला? मला तो पटतो. ज्या घरात हे काम करणारा पुरुष आहे त्याच्या हातून ते काढून घेऊ नका, त्याला खुशाल करू द्या. पैसे देऊन वायरमन बोलावता येत असेल तर तोही बोलवा. तो कुशल कामगार आहे आणि त्याच्या कामाचा मोबदला त्याला मिळायलाच हवा. पण वायरमन येऊन काय करतो ते आपल्याला कळलं पाहिजे, आणि कुणीच येण्यासारखं नसेल त्या दिवशी आपल्याला अंधारात बसावं लागू नये.

आता कायद्याचं. घरातल्या विजेच्या कामाला हात लावणं बेकायदा आहे असं सांगून बायकांना गप्प केलं जातं. वायरिंग नव्याने करणं, वाढवणं, दुरुस्त करणं हे परवानाधारक कंत्राटदाराचंच काम आहे, आणि ते तसंच असावं. पण २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, बटणं आणि फिटिंग जशाच्या तशा बदलण्याला त्यातून सूट आहे, जोवर मूळ वायरिंगची क्षमता आणि स्वरूप बदलत नाही तोवर. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ही सूट होती आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही ती होती. म्हणजे जुना होल्डर काढून त्याच तारांवर एलईडीचा दिवा लावणं आपल्या हातातलं आहे. नवा पॉइंट काढणं नाही.

काम भर दिवसा करायचं. दिवा गेला म्हणून रात्रीच मेणबत्तीच्या उजेडात वर चढायचं नाही. एक रात्र कशीही निघते. शिवाय काम संपेपर्यंत खाली एक जण हवंच. शेजारीण चालेल, थोरली मुलगी चालेल. मेन कुठे आहे आणि गडबड झाली तर काय करायचं, ते तिला आधी सांगून ठेवा.

अंगावरचं सांगते, कारण पुरुषांनी लिहिलेल्या माहितीपत्रकांत ते नसतं. ओढणी नको. साडी असेल तर पदर घट्ट खोचा आणि निऱ्या घोट्याच्या वर घ्या. खरं तर त्या दिवशी पँट किंवा नुसता सलवार-कमीज बरा. मंगळसूत्र, धातूच्या बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढून ठेवा. सोनं विजेचं फार चांगलं वाहक आहे आणि विजेला सौभाग्य कळत नाही. काचेच्या बांगडीतून वीज जात नाही, पण ती अडकते आणि फुटते. हात कोरडे, पायात रबरी तळव्याची कोरडी चप्पल, नाहीतर बूट. उभं राहायला लाकडी घोडा उत्तम. पलंगावर प्लॅस्टिकचं स्टूल आणि त्यावर आपण, हा प्रकार नको. नुसता हलका शॉक बसला तरी हात झटकला जातो आणि माणूस तोल जाऊन पडतो. पुष्कळदा मोठी इजा त्या पडण्यानेच होते.

वर चढण्याआधी वीज तोडायची. नुसतं दिव्याचं बटण बंद करणं पुरत नाही, हे मनावर कोरून ठेवा. बटण फेजच्या तारेवर असायला हवं, पण घाईने केलेल्या वायरिंगमध्ये ते न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. मग बटण बंद, दिवा बंद, तरी होल्डरमध्ये २३० व्होल्ट हजर! म्हणून घराचा मेनच बंद करायचा. नव्या घरात दोन खटक्यांचा मोठा मेन असतो, जुन्या घरात लोखंडी पेटीचा दांडा खाली ओढायचा. चिनी मातीचे फ्यूज असतील, ज्याला आपण किटकॅट म्हणतो, तर मेन खाली केल्यावर ते काढून स्वतःच्या पिशवीत टाका. चाळीत सगळ्यांचे मीटर एका जागी असतात आणि "वहिनींचा मेन पडलेला दिसतो" म्हणून कुणी भल्या मनाने तो वर करतो. मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा: काम चालू आहे, हात लावू नये. सासूबाई, मुलं, भाडेकरू, सगळ्यांना तोंडानेही सांगा.

घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्याबरोबर तो आपोआप वीज पुरवू लागतो. लोडशेडिंगच्या काळात घरोघर आलेलं हे यंत्र आपण विसरून जातो. तोही स्वतंत्रपणे बंद करायचा.

टेस्टरबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण त्याच्यावर आपला फाजील विश्वास असतो. मेन बंद करण्याआधी चालू सॉकेटमध्ये त्याचं टोक घालून, मागच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवून तो पेटतो हे पाहा. मधल्या उघड्या दांडीला बोट लागू द्यायचं नाही. मेन बंद केल्यावर त्याच सॉकेटमध्ये पुन्हा पाहा, आणि वर चढल्यावर होल्डरच्या प्रत्येक तारेला लावून पाहा. पेटला तर तसंच खाली उतरायचं. कुठून तरी वीज येते आहे आणि ते शोधणं वायरमनचं काम आहे. मात्र टेस्टर पेटला नाही एवढ्यावरून वीज नाही असं धरू नका. उजेडात त्याचा बारीक दिवा दिसत नाही. आपण कोरड्या लाकडावर रबरी चपलेने उभ्या असलो की तो मंदही पेटतो. मेन आपल्या हाताने बंद केलेला असणं ही पहिली खात्री, टेस्टर ही दुसरी, आणि दोन्ही हव्यात.

आता काम. बल्ब गार झाल्यावर काढा. होल्डरचं झाकण फिरवून उघडलं की आत दोन तारा दोन स्क्रूंना बांधलेल्या दिसतील. काही सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. एका स्क्रूखाली दोन तारा असतील तर त्या तशाच एकत्र ठेवायच्या. तिथून पुढच्या दिव्याला वीज गेलेली असते, आणि त्या सुट्या केल्या की शेजारची खोली अंधारात जाते. मग स्क्रू सैल करून तारा मोकळ्या करा आणि होल्डर छतापासून काढा.

भिंतीतल्या तारांत लाल, पिवळी किंवा निळी फेजची, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची, अशी आपल्याकडची रीत. नव्या दिव्यातून येणारी तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची, हिरवी-पिवळी अर्थिंगची. इथेच गोंधळ होतो: दिव्याची निळी आणि भिंतीतली निळी एक नव्हेत. शिवाय कारागिराच्या हाती जी तार लागली ती त्याने ओढलेली असू शकते, म्हणून रंगावर आंधळा विश्वास नको. दोन्ही तारा एकाच रंगाच्या निघाल्या आणि कुठली कोणती हे कळेना, तर तिथे थांबा.

धातूच्या अंगाचा दिवा असेल तर त्याला अर्थिंग हवंच. आत कुठे आवरण फाटून तार अंगाला टेकली की अर्थिंग नसलेला दिवा हात लावण्याची वाट पाहत बसतो. जुन्या चाळींत दिव्याच्या पॉइंटला हिरवी तार बहुधा नसतेच. अशा ठिकाणी प्लॅस्टिकच्या अंगाचा, एका चौकोनात दुसरा चौकोन ही खूण असलेला दिवा घ्यावा. त्याचं आवरण दुहेरी असतं आणि त्याला अर्थिंग लागत नाही. दुकानात ही खूण मागून पाहा. दुकानदार आश्चर्याने बघेल, बघू दे.

तारांची टोकं साधारण एक सेंटिमीटर सोलायची. सगळे धागे एकत्र पिळून कनेक्टरच्या भोकात घालायचे आणि स्क्रू आवळायचा. उघडं तांबं बाहेर दिसता कामा नये. मग प्रत्येक तार ओढून पाहायची. सुटली तर आत्ता सुटलेली बरी, कारण सैल जोड तापतो आणि आधीचा होल्डर जळाला तो बहुतेक वेळा अशाच सैल जोडामुळे. नुसत्या तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणं म्हणजे तीच आपत्ती पुढे ढकलणं. हलका एलईडी दिवा दोन स्क्रूंवर राहतो. जुन्या प्लगमध्ये स्क्रू घट्ट बसत नसेल तर नवा प्लग घाला. तार जिथून येते त्या रेषेत ड्रिल लावू नका. काचेचं जड झुंबर पीओपीच्या छताला टांगायचं नाही. पीओपी स्वतःचंच वजन जेमतेम पेलते. खाली उतरल्यावर, सगळे बाजूला झाल्यावर, आधी मेन आणि मग बटण.

थांबायचं कधी, हे मला बसवण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. तारेवरचं आवरण हातात भुगा होऊन येत असेल, ते वितळलेलं किंवा काळवंडलेलं असेल, तार तांब्याची नसून पांढरट ॲल्युमिनियमची असेल, तर तारा सुट्या राहू न देता मेन बंदच ठेवून वायरमनला बोलवा. छताला ओल असेल तर वर चढूच नका. पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या मोरीचं पाणी दिव्याच्या पॉइंटमधून ठिबकतं, हे मुंबईतल्या कितीतरी बायका सांगतात. तो दिवा बदलण्याचा नव्हे, गळती काढण्याचा प्रश्न आहे. ओल्या कातडीचा विरोध फार कमी होतो आणि त्याच विजेचा मोठा प्रवाह शरीरातून जातो.

याच ओघात आपल्या बोर्डावर आरसीसीबी आहे का ते बघा. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. एमसीबी असला की आपण निर्धास्त होतो, पण तो तारा जळण्यापासून वाचवतो. माणसाला धक्का बसताना जाणारा प्रवाह त्याच्या मानाने किरकोळ असतो. जाणारी आणि परत येणारी वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तरी तुटणारा आरसीसीबी माणसासाठी असतो. त्याच्यावर 'टेस्ट' किंवा 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते अधूनमधून दाबून तो पडतो का पाहायचं. नवा दिवा लावल्यावर तो पडत असेल तर पुन्हा पुन्हा वर करू नका. तो काहीतरी सांगतो आहे.

आणि तरीही कुणाला शॉक बसलाच, तर तिला हाताने ओढायचं नाही. मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने तार दूर सारायची. १०८ ला फोन. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं, मदत येईपर्यंत.

भाड्याच्या जागेबद्दल विचारणा येते म्हणून तेही सांगते. दिवा आपण बदलू, पण कुजलेल्या तारा बदलणं मालकाचं काम आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा नीट ठेवणं ही मालकाची जबाबदारी. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकते, वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत. कलम २९ प्रमाणे भाडेकरूची वीज, अगदी जिन्यातला दिवासुद्धा, मालकाला सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. मात्र आपल्यातल्या बऱ्याच जणी आज लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. त्यांनी वायरिंगची दुरुस्ती कुणी करायची ते सही करण्याआधीच करारात लिहून घ्यावं. खोली पाहायला जाल तेव्हा नळ सोडून पाहतो तसा मेनचा बोर्डही उघडून पाहा.

सासरी राहणाऱ्यांसाठी आणखी एक. भांडण झालं की बायकोच्या खोलीचा फ्यूज काढून नेणारे नवरे आम्हाला केंद्रात नवीन नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, ज्या सोयी वापरण्याचा बाईला हक्क आहे त्या अडवणं हा आर्थिक छळ धरला आहे. अर्जात "लाइट बंद करतात" एवढंच लिहू नका. कुठल्या तारखेला, किती तास, फ्यूज कुणी काढला, मुलांची परीक्षा होती का, हे लिहा.

वर जिची गोष्ट सांगितली तिच्या खोलीत आमच्या दोन कार्यकर्त्या एका रविवारी सकाळी गेल्या. एकीने आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला आहे. तिने काम केलं नाही, ती खाली घोडा धरून उभी राहिली. बाई वर चढली. तिची थोरली मुलगी मेनपाशी पहारा देत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला "हात लावायचा नाही" म्हणून दटावत होती. पाऊण तास लागला. त्यानंतर तिने समोरच्या म्हातारीचा होल्डरही बदलून दिला आहे. पैसे घेतले नाहीत. मी म्हटलं, घे.

ज्या गटांना असा वर्ग घ्यायचा असेल त्यांनी पंधरावीसहून जास्त जणी एका वेळी बोलावू नयेत. प्रत्येकीच्या हातात पक्कड आली पाहिजे. लाकडी फळीवर बटण, होल्डर आणि एक मीटर तार बसवून घ्या. सराव वीज न जोडता त्या फळीवरच करायचा. केंद्राच्या कार्यालयात एक पेटी तयार ठेवली आहे: टेस्टर, आवरण असलेली पक्कड, तार सोलायचा चिमटा, दोन स्क्रूड्रायव्हर, कनेक्टर, चिकटपट्टी आणि "हात लावू नये"ची पाटी. नेताना वहीत नाव लिहायचं. परत करताना टेस्टर चालू आहे का ते पाहूनच पेटीत ठेवायचा.